फुलपुडी उघडून तर पाहा!

बर्थडेला भाड्याचं डेकोरेशन, रीलसाठी प्लॅस्टिकची फुलं आणि डिझाइनच्या आयडिया शोधायला मोबाइल. हे सगळं चालूच राहील. पण कोपऱ्यावरच्या फुलवालीच्या टोपलीत रंग, आकार, गणित, इतिहास असं बरंच काही दहा-वीस रुपयांत मिळतं. ते घ्यायचं कसं?

सकाळी दूधवाला पिशवी ठेवून जातो, पेपरवाला पेपर टाकून जातो आणि कितीतरी घरांच्या दाराला अजूनही तिसरी एक गोष्ट अडकवलेली असते. फुलपुडी. पानात नाहीतर कागदात बांधलेली, वरून दोरा गुंडाळलेली. आत दोन-चार झेंडू, एखादी शेवंती, एक जास्वंद, थोड्या दूर्वा, तुळशीची मंजिरी. घरातलं कुणीतरी ती सोडतं, फुलं देवाला जातात, दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या पिशवीत. संपला विषय.

आता आपलं बघा. मैत्रिणीच्या वाढदिवसाला काहीतरी ‘हटके’ करायचंय, कॉलेज फेस्टचं पोस्टर करायचंय, होस्टेलची रूम जरा बरी दिसायला हवीय. पहिला हात कुठे जातो? मोबाइलकडे. तिथे हजार आयडिया तयार असतात. लोच्या एवढाच, की त्याच हजार आयडिया बाकीच्यांनाही दिसत असतात. मग सगळ्यांचे वाढदिवस एकसारखे व्हायला लागतात. तीच फुग्यांची कमान, तीच मागे चमकणारी झालर, तीच पांढरी-गुलाबी प्लॅस्टिकची फुलं. फोटो निघाले की डेकोरेशनवाला घड्याळ बघायला लागतो.

त्यात मजा येत नाही असं नाही. पण ती मजा आयती मिळते आणि तितक्याच पटकन संपते. स्वतः निरखून बघितलेलं, हातानं केलेलं आणि कुणाला तरी दिलेलं असतं ना, ते जरा जास्त टिकतं. फुलांच्या बाबतीत तर नक्कीच. आणि त्यासाठी कोर्स लावावा लागत नाही.

एका झेंडूत किती फुलं?

एकदा भल्या पहाटे फूलबाजारात जाऊन या. मुंबईत दादर स्टेशनच्या पश्चिमेला, पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, नाहीतर तुमच्या गावात जिथे फुलं उतरतात तिथे. खाली चिखल असतो, डोक्यावर पोती घेऊन धावणारे हमाल ‘बाजूला, बाजूला’ ओरडत असतात, तुमचे पांढरे स्नीकर्स पांढरे राहत नाहीत. आणि समोर रंगांचे ढीग असतात. एकाच पिवळ्याच्या पाच-सहा छटा एका ओळीत मांडलेल्या. कलर थिअरीचं लेक्चर यापेक्षा वेगळं काय असतं?

तिथून एक झेंडू उचला आणि चक्क फोडा. ज्याला आपण पाकळी म्हणतो ती ओढून काढली, की तिच्या बुडाशी एक बारीक लांबट भाग दिसतो. ते त्या पाकळीचं स्वतःचं बी. कारण ती नुसती पाकळी नसतेच, ते एक अख्खं छोटं फूल असतं. म्हणजे एक झेंडू हा एका देठावर दाटीवाटीनं बसलेला फुलांचा मेळावा आहे. शेवंतीचं तेच, सूर्यफुलाचंही तेच. वर्षानुवर्षं तोरणात लावलेली गोष्ट आपण एकदाही नीट उघडून पाहिलेली नसते.

सूर्यफूल मिळालं तर मधली तबकडी बघा. बिया गोल-गोल फिरत बाहेर जातात, त्यांच्या दोन दिशांनी वळणाऱ्या रांगा दिसतात. मोजायला बसलात तर बऱ्याचदा एका दिशेनं ३४ आणि दुसऱ्या दिशेनं ५५ भरतात. फिबोनाचीची मालिका आठवते? १, १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५. पुढची प्रत्येक बी आधीच्या बीपासून साधारण १३७.५ अंशांनी वळून येते, त्यामुळे मध्ये फटी राहत नाहीत आणि कमीत कमी जागेत जास्तीत जास्त बिया मावतात. लेआउट कसा करायचा, रिकामी जागा कशी वापरायची, यावर डिझाइनच्या वर्गात जी चर्चा चालते, तिचं उत्तर एका देठावर उभं असतं.

परदेशी पाहुणा, घरचा झाला

झेंडूचीच आणखी एक गंमत. दसऱ्याला झेंडूचं तोरण नाही असं दार मराठी मुलखात सापडणं कठीण. गोंडा म्हणा, मखमल म्हणा, त्याच्याइतकं ‘आपलं’ फूल दुसरं नाही. पण हे मूळचं मेक्सिकोकडचं. युरोपीय दर्यावर्दी तिकडे गेले आणि त्यांच्या जहाजांबरोबर ते जगभर पोचलं, आपल्याकडेही आलं. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांच्या आठवणीचा सण असतो, तेव्हा घराघरांत, कबरींवर याच केशरी फुलांच्या राशी घालतात. तिथलं त्याचं नाव सेंपासूचिल. जुन्या नाहुआत्ल भाषेतल्या त्या शब्दाचा अर्थ ‘वीस फुलं’ असा आहे. म्हणजे एका फुलात अनेक फुलं असतात हे त्या लोकांनी नावातच सांगून ठेवलंय.

निशिगंधही मेक्सिकोचाच. देवळाच्या आवारातला तो पांढरा चाफा, तोही अमेरिका खंडातला. शेवंती चीनकडची. गुलमोहर मादागास्करचा. आणि अस्सल इथला म्हणावा तो ताम्हण, आपलं राज्यफूल, उन्हाळ्यात महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे रस्त्याच्या कडेला जांभळा होऊन उभा असतो. आपण त्याच्याखालून बाइक काढतो आणि वर बघतही नाही.

यातून डिझाइन करणाऱ्यानं काय घ्यायचं? परंपरा म्हणजे कुलूप लावलेली पेटी नाही. बाहेरून आलेलं एक फूल इथल्या मातीत रुजलं, आंब्याच्या पानांबरोबर एका दोऱ्यात ओवलं गेलं आणि त्याचं तोरण झालं. तुमच्या हातातल्या नव्या गोष्टीचंही असं काहीतरी होऊ शकतं. अट एकच. तिला इथल्या कशाशी तरी ओवता आलं पाहिजे.

अबोली रंगाची रिक्षा

डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये रंगाला नंबर असतो. मराठीत रंगाला झाड असतं. गुलाबी गुलाबावरून आला, हे सांगायला नको. अबोली म्हटलं, की ते नाजूक, केशरीकडे झुकणारं गुलाबी फूल डोळ्यांसमोर येतं. ज्याला वास नाही, पण गजऱ्यात मोगऱ्याशेजारी बसलं की दोघंही खुलतात. केशरी हा केशराचा, म्हणजे फुलातल्या तंतूंचा रंग. कुसुंबी हा करडईच्या फुलांपासून मिळणारा तांबडा. सोलापूर-मराठवाड्याकडे शेतात जी काटेरी करडई दिसते, तीच ही. एकेकाळी तिच्या पाकळ्यांनी कापड रंगवत. पळसाच्या फुलांपासून होळीचा रंग करत. पारिजातकाचे केशरी देठही रंगासाठी वापरत.

साड्यांच्या दुकानात जुन्याजाणत्या मावशींबरोबर जा आणि नुसतं ऐका. जांभळा, डाळिंबी, आमसुली, कोनफळी, वांगी, पोपटी, मोरपिशी, शेवाळी. प्रत्येक शब्दामागे कुणीतरी थांबून बघितलेली वस्तू आहे. राज्यात महिला चालकांच्या रिक्षांसाठी रंग ठरला तेव्हा त्यालाही नाव मिळालं अबोली. नाव ‘न बोलणारी’ असं, आणि रिक्षा चालवणाऱ्या बायका मात्र भर ट्रॅफिकमध्ये हॉर्न वाजवत पुढे जाणाऱ्या. फुलाच्या नावाचा इतका झकास उपयोग क्वचितच झाला असेल.

पुढच्या प्रोजेक्टला कलर पॅलेट करताना हा प्रयोग करून बघा. घरापासून स्टेशनपर्यंत, नाहीतर एसटी स्टँडपर्यंत चालत जा आणि दिसलेले पाच रंग लिहा, पण नाव तुमचं हवं. ‘सुकलेली बोगनवेल’, ‘पावसात भिजलेला सोनमोहर’, ‘दुपारची गोकर्ण’. असा पॅलेट दुसऱ्या कुणाकडे असणं शक्य नाही.

सोनाराने खाली पाहिलं

बकुळीच्या झाडाखाली सकाळी फुलांचा सडा पडतो. फूल इवलंसं, करवती कडांचं, चांदणीसारखं. आणि बरोबर मधोमध एक भोक. सुई लागत नाही, दोरा नाहीतर गवताची काडी सरळ आरपार जाते. फूल सुकलं तरी वास जात नाही, म्हणून वहीत ठेवायचं.

कधीतरी कुण्या सोनारानं हे फूल नीट पाहिलं असणार. कारण आपल्या पारंपरिक दागिन्यांतला बकुळहार म्हणजे सोन्यात घडवलेली बकुळीची फुलंच. एकाशेजारी एक, तशीच ओवलेली. मोत्यांच्या कुड्या बघा. मध्ये एक मोती, भोवती बाकीचे, झालं फूल. पैठणीच्या पदरावर कमळं असतात आणि ‘असावली’ नावाची फुलांची वेल असते. पैठण-येवल्याच्या विणकरांनी ती धाग्या-धाग्यानं मोजून बसवली. दारातली ठिपक्यांची रांगोळी तर सरळसरळ ग्रिडवरचं डिझाइन आहे. ठिपके किती आणि कसे मांडायचे ते ठरलं, की त्यातून कमळ काढायचं, आणि एकदा जमलं की त्याच कमळांची हवी तेवढी मोठी जाळी. यातल्या बहुतेकांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. पण काम बघितलं की कळतं, त्यांनी आधी फूल पाहिलं होतं.

आपल्याकडच्या कॉलेजच्या पोरांनी हे केल्याचा एक जुना दाखला आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करून घेतल्या. आपण अजिंठ्याला जातो तेव्हा भिंतीवरच्या पद्मपाणीसमोर थांबतो. या विद्यार्थ्यांना मान वर करून छतंही उतरवावी लागली. छतांवर चौकटी-चौकटींत कमळं, वेली, फळं, पक्षी. एकाच कमळाची किती रूपं! शेकडो वर्षांपूर्वी ती काढणाऱ्यांनी तळ्याकाठी बसून किती वेळ घालवला असेल, याचा अंदाज ती चित्रं कॉपी करतानाच येत असणार. नक्कल करणं हा तेव्हा शॉर्टकट नव्हता. बघायला शिकण्याचा तो सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात पक्का रस्ता होता.

आणि हट्टाची एक गोष्ट फिनलंडची. तिथल्या मारीमेको या कापडाच्या कंपनीच्या संस्थापक आर्मी रातिया यांनी जाहीर केलं, की आमच्या कापडावर फुलांची नक्षी नसेल. फूल जिवंतच सुंदर, छापलं की त्याची शोभा जाते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याच डिझायनर माइया इसोला यांना हे पटलं नाही. त्यांनी फुलांची नक्षी काढलीच. मोठ्ठी, ठसठशीत, कशाचीही लाज न बाळगणारी खसखशीची फुलं. १९६४ मधलं ‘उनिक्को’ हे ते डिझाइन. ते कंपनीला घ्यावंच लागलं आणि आज मारीमेको म्हटलं की लोकांना आधी तेच फूल आठवतं. बॉस नाही म्हणाला तरी आपल्याला जे दिसलंय ते कागदावर उतरवून ठेवावं, एवढं तर यातून नक्की घेता येतं.

सण म्हणजे आत्ता काय फुललंय?

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असं आपण टोमण्यानं म्हणतो. फार न टिकणाऱ्या उत्साहाला. पण कोकणात आणि इतरही बऱ्याच घरांत गौर येते ती तेरड्याचीच. माळावरून, ओढ्याकाठून तेरडा उपटून आणायचा, त्याची गौर करायची, तिला साडी-दागिने. आणि गौरीही माहेरी तीनच दिवस असतात. येतात, जेवतात, जातात. ज्यांनी हे फूल निवडलं त्यांना बरोबर माहीत होतं, की तीन दिवस पुरेसे असतात.

फुलांचे सण नीट पाहिले तर सगळ्यांचं सूत्र एकच दिसतं. आत्ता, इथे, काय फुललंय? त्यातूनच करायचं. नवरात्रात घटावर रोज एक माळ चढते, ती झेंडूची, शेवंतीची, नाहीतर शेतातल्या कारळ्याच्या पिवळ्या फुलांची. हस्त नक्षत्रात हादगा मांडतात, तेव्हा हादग्याच्या झाडाला फुलं येतात. सिंधुदुर्गात उन्हाळा सुरू होताना सुरंगीचे वळेसर दिसायला लागतात, चार दिवस सगळा बाजार घमघमतो आणि मग वर्षभर वाट बघायची.

सोलापुरात नवरात्राच्या दिवसांत पद्मशाली समाजाच्या वस्तीत गेलात तर बतुकम्मा बघायला मिळेल. तेलंगणाचा हा सण विणकर कुटुंबांबरोबर इथे आला. ताटात फुलांचे थरावर थर रचून निमुळता मनोरा करायचा, त्याच्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी तो पाण्यात सोडायचा. त्यातली मानाची फुलं कुठली? कुरडू आणि तरवड. म्हणजे शेतातलं तण आणि माळरानावरचं झुडूप. एरवी ज्याच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही, ते त्या नऊ दिवसांत सगळ्यांत वर.

केरळच्या ओणममध्ये दारात पूक्कळम घालतात. दहा दिवस, रोज थोडं मोठं होत जाणारं फुलांचं वर्तुळ. गेली काही वर्षं मुंबईत सीएसएमटीच्या गर्दीतही ओणमला असं मोठं पूक्कळम दिसतं. लोकल पकडायला पळणारी माणसंसुद्धा त्याला वळसा घालून जातात. आणि गोव्यात २४ जूनला सांजाव. भर पावसात तरणी पोरं, काका, आजोबा सगळे डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. ‘फुलं पोरींसाठी’ म्हणणाऱ्यांनी एकदा तो दिवस बघावा. तसंही आपल्याकडे नवरदेवाच्या कपाळावर मुंडावळ्या फुलांच्याच असतात, तेव्हा कुणी काही म्हणत नाही.

या कुठल्याच सणाला आधी बजेट ठरवून, मग थीम निवडून सुरुवात झालेली नाही. आधी फूल, मग सण. आपल्या छोट्या-छोट्या सेलिब्रेशनलाही हे सूत्र चालतं. पहिला पगार, सबमिशन संपलं, बॅकलॉग सुटला, रूममेटला नोकरी लागली. पितळेचा तांब्या, त्यात पाणी, आणि त्या आठवड्यात जे फुललंय त्याच्या चार फांद्या. बास.

दसऱ्याच्या संध्याकाळी

आता थोडं कडू. दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा भाव विचारताना आपण दचकतो. त्याच दिवशी संध्याकाळी दादरला किंवा मंडईत चक्कर मारा. उरलेल्या झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. परत न्यायचं भाडं फुलांच्या किमतीपेक्षा जास्त, म्हणून शेतकरी ते तिथेच टाकून जातो.

हे होतं कसं? झेंडूची लागवड केली की साधारण दोन महिन्यांनी फुलं येतात. शेतकरी दसरा-दिवाळी धरून दिवस मोजतो. सगळेच तसं करतात, त्यामुळे माल एकाच वेळी येतो. मधेच पाऊस झाला तर फुलं भिजून काळी पडतात. फूल काही कांद्यासारखं चाळीत ठेवता येत नाही. एक दिवस चुकला की दोन महिन्यांची मेहनत मातीत. आणि आता समोर वर्षानुवर्षं न सुकणारी प्लॅस्टिकची फुलं उभी आहेत. ती एकदा घेतली की हॉल सजवणाऱ्याला पुढची पाच वर्षं शेतकऱ्याची गरजच उरत नाही. ही फुलं बंद करा, अशी मागणी २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेतही झाली.

उलटी बाजूही आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला. पावसाळ्यातलं भाताचं पीक निघालं, की एरवी या भागातली माणसं कामासाठी घरदार सोडून बाहेर पडतात. मोगऱ्याच्या कळ्या रोज खुडाव्या लागतात आणि रोज थोडे पैसे देतात, त्यामुळे काही घरांना गावातच राहता आलं, पोरांची शाळा सुटली नाही. तुमच्या गजऱ्यातली एखादी कळी पहाटे तिथून निघालेली असू शकते.

म्हणून पुढच्या इव्हेंटला डेकोरेशनची जबाबदारी तुमच्यावर आली तर एवढंच विचारा, यातलं निम्मं तरी खरं असेल का? आणि कार्यक्रम संपल्यावर त्या फुलांचं पुढे काय? मुंबईत रूपा त्रिवेदी यांच्या ‘आदिव प्युअर नेचर’नं सिद्धिविनायक मंदिरातल्या वाहिलेल्या फुलांपासून कापड रंगवायला सुरुवात केली. कानपूरच्या ‘फूल’ या कंपनीनं देवळांतल्या फुलांच्या अगरबत्त्या केल्या. दोन्हीकडे सुरुवात एकाच साध्या प्रश्नापासून झाली, की हे टाकायचं कशाला?

गजरा कुणाचा?

शेवटची गोष्ट, आणि खरं तर सगळ्यात महत्त्वाची.

हळदी-कुंकवाच्या ताटात गजरे असतात. ताट फिरतं. एकीला मिळतो, दुसरीला मिळतो, तिसऱ्या बाईपाशी ताट जरासं थबकतं आणि पुढे सरकतं. कुणी काही बोलत नाही. ती बाईसुद्धा नाही. तिचा नवरा गेलेला असतो. कालपर्यंत तिच्या केसांत असलेलं फूल आज तिचं नसतं. तिनं काय केलेलं असतं? काहीच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढलं आणि बाकीच्या गावांनीही हा कित्ता गिरवावा असं सांगितलं. त्याच्याही कितीतरी आधी, १८६३ मध्ये, पुण्यात एका जोडप्यानं विधवांसाठी आणि त्यांच्या बाळांसाठी आपल्या घराचं दार उघडलं होतं. जोतिराव आणि सावित्रीबाई. त्यांच्या घराण्याचं मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवण्याच्या कामावरून ते फुले झाले.

ठराव झाले, परिपत्रक निघालं. पण ताट कुणासमोर थांबतं, हे अजूनही घरातच ठरतं. आणि घरात आता तुम्ही मोठे झाला आहात. संक्रांतीला, मंगळागौरीला, घरच्या कुठल्याही कार्यक्रमात गजऱ्यांचं ताट आपल्या हातात घ्या. आत्या असो, मावशी असो, शेजारच्या काकू असोत, कुणालाही न गाळता सगळ्यांना द्या. भाषण करू नका. नुसता गजरा पुढे करा. कदाचित ती ‘नको गं’ म्हणेल. दुसऱ्यांदा विचारा. तिनं घेतला आणि आरशासमोर जाऊन, कुणी बघत नाही ना हे पाहून, हळूच माळला, तर त्या दिवशीच्या सगळ्या सजावटीत त्याहून देखणं काही नसेल.

करून पाहा

• फुलाची डायरी : एकच फूल आणा, पाण्यात ठेवा. सात दिवस रोज एक स्केच काढा, नाहीतर त्याच जागेवरून एक फोटो. शेवटच्या दिवशीचं सुकलेलं फूल बहुतेक वेळा सगळ्यात इंटरेस्टिंग निघतं.

• निळ्याचं जांभळं : घरच्या वेलीवरची निळी गोकर्ण गरम पाण्यात टाका. पाणी निळंशार होईल. त्यात लिंबू पिळा, रंग जांभळा-गुलाबी होतो. फूल घरचंच हवं. बाजारातल्या फुलांवर औषध मारलेलं असू शकतं.

• झेंडूचा रंग : तोरण उतरवलं की झेंडूच्या पाकळ्या काढा आणि उकळा. सुती रुमाल आधी तुरटीच्या पाण्यात भिजवून मग या रंगात सोडा. छान पिवळा येतो. भांडं जुनं घ्या, परत स्वयंपाकात वापरू नका.

• गजरा करायला शिका : आजी नाहीतर कोपऱ्यावरची फुलवाली, जी शिकवेल ती गुरू. जमलं तर केळीच्या सोपटाचा धागा वापरा. ओला धागा फुलांना कापत नाही. हिवाळ्यात मोगरा महागतो, तेव्हा काकडा घ्या.

• नाव विचारा : रोजच्या रस्त्यावरच्या पाच फुलझाडांची नावं माहीत करून घ्या. माळीकाका, रिक्षावाले, भाजीवाल्या मावशी, कुणालाही विचारा. फुलाचं नाव विचारलं तर सहसा कुणी रागवत नाही.